फ्रीजसाठी वेगळी लाईन ओढावी का?

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, वर मंगलोरी कौले आणि वायरिंग सासऱ्यांच्या काळातले, लाकडी पट्टीवरून नेलेले. चार वर्षांपूर्वी मेन स्विचजवळचे किटकॅट फ्यूज काढून तेथे एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारी बटणे, बसवले. बाकी सारे तसेच आहे. यंदा आम्ही २५० लिटरचा दोन दारांचा फ्रीज घेतला आणि स्वयंपाकघरातील दिव्याच्या बोर्डावर जे लहान सॉकेट आहे त्यातच लावला. फ्रीज सुरू होताना बल्ब क्षणभर मंद होतो. पाणी तापवायची किटली चालू असताना फ्रीज सुरू झाला, तर थोड्या वेळाने ६ अँपिअरचा एमसीबी पडतो. शिवाय पाऊस लागल्यापासून अनवाणी पायांनी फ्रीजच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते. वायरमन म्हणतो, ६चा एमसीबी काढून १६चा बसवू आणि सॉकेटमध्येच अर्थ न्यूट्रलला जोडू, म्हणजे दोन्ही तक्रारी मिटतील. माझी धाकटी जाऊ म्हणते, फ्रीजला वेगळी लाईनच हवी. कोणाचे ऐकावे? — एक गृहिणी, तालुका खानापूर

उत्तर : जावेचे ऐकावे. परंतु लाईन ओढण्याआधीचे एक काम आजच करायचे आहे. हे उत्तर वाचून होताच फ्रीजचे बटण बंद करून प्लग काढून ठेवावा आणि अर्थिंगची तपासणी होईपर्यंत तो पुन्हा लावू नये. दूधदुभते चार दिवस शेजारी ठेवता येईल. हाताला येणाऱ्या मुंग्या ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि आपण ती शेवटी लिहिली आहे, म्हणून मी उत्तराची सुरुवात तेथूनच करतो.

फ्रीजचा सांगाडा पत्र्याचा असतो. आतील मोटरची गुंडाळी, तारा आणि दंव वितळवणारा हीटर यांचे आवरण चांगले असले, तरी अगदी थोडा प्रवाह त्यातून पत्र्याकडे झिरपत असतो. पत्र्याला अर्थची तार जोडलेली असेल, तर हा प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो आणि कोणाला कळतही नाही. ती तार नसेल, तर पत्रा भारित होऊन राहतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून प्रवाह जमिनीकडे जातो. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर हे जाणवत नाही, पावसाळ्यात जाणवते. म्हणजे पावसाने बिघाड निर्माण केला नाही, असलेली उणीव उघड केली. आज फक्त मुंग्या येतात, कारण झिरपणारा प्रवाह लहान आहे. उद्या आतील एखादी तार घासून पत्र्याला टेकली, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील.

लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये बहुधा दोनच तारा धावतात, वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल. अशा घरात सॉकेटला वरचे मोठे छिद्र असते, पण त्याच्या मागे काहीच जोडलेले नसते. फ्रीजच्या प्लगची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, ती याच कारणासाठी की प्लग लावताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. मागे तारच नसेल, तर त्या पिनेचा उपयोग प्लग सरळ बसण्यापुरताच उरतो. आपल्या घरी हेच असावे असे आपल्या वर्णनावरून दिसते. वायरमनने सॉकेट उघडले की एका मिनिटात खात्री होईल.

आता वायरमनच्या दुसऱ्या सूचनेविषयी आधी बोलू. सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडल्यास मुंग्या खरोखरच थांबतील, आणि म्हणूनच ही सूचना फसवी आहे. कारण त्या दिवसापासून फ्रीजचा पत्रा हा न्यूट्रलचाच भाग होईल. जुन्या पट्टीतील न्यूट्रलचा एखादा जोड सैल होऊन सुटला, तर फेजकडून आलेली वीज मोटरमधून न्यूट्रलच्या टोकापर्यंत येईल आणि परतीची वाट बंद असल्याने पत्र्यावर उभी राहील. दुरुस्तीच्या वेळी मीटरपाशी किंवा मेन स्विचपाशी फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडले गेले, तर फ्रीजचे बटण बंद असतानाही पत्रा थेट फेजवर असेल. खांबावरून घरी येणाऱ्या तारा वाऱ्यापावसात सुटतात, पुन्हा बांधल्या जातात. खेड्यात हे दर पावसाळ्यात घडते. अर्थ आणि न्यूट्रल जोडणाऱ्या तारेच्या अशा एका तुकड्याने मी ओळखत असलेल्या एका कुटुंबात म्हैस दगावली आहे. गोठ्यातील पंपाला अशीच जोडणी केली होती. तेव्हा कृपा करून ही जोडणी होऊ देऊ नये, आणि आधीच झाली असल्यास प्रथम ती काढून घ्यावी.

खरा अर्थ जमिनीतूनच आणावा लागतो. घराबाहेर, भिंतीपासून निदान दीड मीटर अंतरावर, साधारण अडीच मीटर लांबीचा आणि ३८ मिलिमीटर व्यासाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप उभा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात आणि पाणी ओतण्यासाठी वर नरसाळे व झाकण ठेवतात. ही आपल्याकडची जुनी आणि चांगली पद्धत आहे. मात्र खानापूरची जमीन आणि चिकोडी-अथणीची जमीन यांत फार अंतर आहे, आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय खड्डा खणू नये. तिकडची काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे तेथे अर्थ सहज चांगला मिळतो; अर्थात उन्हाळ्यात तिला भेगा पडून ती पाईपपासून सुटू शकते. आपल्याकडचा जांभा पाणी धरत नाही. पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी, म्हणून जूनमध्ये खणलेल्या खड्ड्याची चाचणी उत्तम येते. पण एप्रिलमध्ये तोच खड्डा कोरडाठाक पडतो आणि अर्थचा रोध, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा, कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय हात-दोन हात खोलीवरच कठीण दगड लागला, तर पाईप पूर्ण जात नाही आणि मग उरलेला भाग कापून टाकला जातो. तसे करू देऊ नये, जागा बदलावी. न्हाणीघराचे पाणी जेथे मुरते, माड किंवा केळीच्या आळ्याला जेथे रोज पाणी मिळते, अशा जागेजवळ खड्डा घेतल्यास बारा महिने ओल राहते. तरीही मार्च ते मे या काळात आठवड्यातून एकदा नरसाळ्यात बादलीभर पाणी ओतावे. मिठामुळे पाईप आणि त्यावरचा क्लँप गंजतो, म्हणून दर वर्षी पावसाआधी क्लँप घासून पुन्हा आवळून घ्यावा.

अर्थ मिळाला की नाही हे पाहण्यासाठी आपल्याकडे फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहतात. बल्ब लख्ख पेटला की अर्थ चांगला, असा निर्वाळा दिला जातो. या चाचणीने अर्थ आहे एवढेच कळते, तो पुरेसा आहे की नाही हे कळत नाही. शंभर वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थचा रोध २० ओहम असला, म्हणजे बराच वाईट असला, तरी त्यात जेमतेम आठ-नऊ व्होल्ट पडतात आणि बल्ब तितकाच लख्ख दिसतो. खरे मोजमाप अर्थ टेस्टर नावाच्या उपकरणाने होते. ते वायरमनकडे नसल्यास परवानाधारक ठेकेदाराकडे असते, आणि ते उन्हाळ्यात करून घेतलेले अधिक खरे.

येथे एक हिशेब मांडतो, कारण पुढील सगळे त्यावर अवलंबून आहे. समजा फेजची तार फ्रीजच्या पत्र्याला टेकली आणि आपल्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. २३० भागिले २० म्हणजे सुमारे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाने कधीच पडणार नाही. तो तासन्‌तास वाहत राहील आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत राहील. खड्डा फार उत्तम, ५ ओहमचा असला, तर ४६ अँपिअर वाहतील. तेव्हा एमसीबी पडेल खरा, परंतु त्याला काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत वेळ लागू शकेल. माणसाच्या हृदयाला इतका वेळ नसतो. म्हणून नुसता अर्थ आणि नुसता एमसीबी यांच्या भरवशावर राहू नये. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरपर्यंतचा फरक पडताच क्षणार्धात वीज तोडतो. उन्हाळ्यात आपला खड्डा कितीही कोरडा पडला, तरी त्याला पुरेल एवढा प्रवाह त्या खड्ड्यातून जातोच. जांभ्या जमिनीवरच्या घराला याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बसवल्यावर त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर तो पडला नाही, तर तो निकामी आहे.

आता एमसीबी ६चा काढून १६चा बसवण्याविषयी. एमसीबी फ्रीजचे रक्षण करण्यासाठी नसतो, भिंतीवरून धावणाऱ्या तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. आपल्या पट्टीवरची तार त्या काळच्या प्रथेप्रमाणे एक-अठराची असावी, म्हणजे साधारण एक चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि तीही जुनी होऊन आवरण कडक झालेली. १६ अँपिअरचा एमसीबी लावल्यास ही तार तापून आवरण वितळू लागेल तरी तो पडणार नाही, आणि ती तार लाकडाच्या पट्टीवर, कौलांखालच्या वाशांजवळून गेलेली आहे. आपला ६चा एमसीबी पडतो तो नेमके आपले काम करतो. १५०० वॅटची किटली एकटीच साडेसहा अँपिअर घेते. त्यात फ्रीजची भर पडली की तार आपल्या मर्यादेबाहेर जाऊ लागते, म्हणून तो थोड्या वेळाने वीज तोडतो. किटली त्या बोर्डावरून आजच हलवावी. तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा.

फ्रीज स्वतः फार वीज घेत नाही. आपल्या आकाराचा फ्रीज चालू असताना शंभर ते दोनशे वॅट, म्हणजे एक अँपिअरच्या आसपास घेतो. साध्या कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या पाच-सहा पट किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढते, आणि तेवढ्या क्षणात बल्ब मंद होतो. मेन बोर्डापासून स्वयंपाकघर १८ मीटर लांब आहे असे धरू. जाऊन येऊन ३६ मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.६५ ओहम भरतो आणि सुरुवातीच्या १२ अँपिअरला सुमारे आठ व्होल्ट वाटेतच पडतात. अडीच चौरस मिलिमीटरची तार असती, तर हाच आकडा तीन-सव्वातीन व्होल्टवर आला असता. बल्ब जरासा लवत असेल तर हे कारण पुरेसे आहे. पण तो अगदी तांबडा होत असेल, तर कोठेतरी जोड सैल आहे आणि तो शोधलाच पाहिजे, कारण सैल जोड तापतो.

तेव्हा करायचे असे. मेन बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन तारा, फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थची, एकाच पीव्हीसी पाईपमधून किंवा पट्टीतून, मध्ये कोठेही जोड न देता सरळ न्याव्यात. तारांवर आयएसआय चिन्ह असावे. मेन बोर्डावर या लाईनला १६ अँपिअरचा, सी प्रकारचा एमसीबी द्यावा. सी प्रकार मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याने विनाकारण पडत नाही. दुसऱ्या टोकाला बटणासह १६ अँपिअरचे, झडप असलेले सॉकेट बसवावे. आपल्या फ्रीजला लहान ६ अँपिअरचा प्लग आलेला असेल, तर दोन्ही प्रकारचे प्लग घट्ट बसतील असे एकत्रित सॉकेट मिळते, ते घ्यावे. मध्ये कन्व्हर्टर लावू नये आणि प्लग कापू तर मुळीच नये, कारण कन्व्हर्टर काही महिन्यांत सैल होतो आणि कापलेल्या प्लगमुळे हमी जाते. सॉकेटकडे तोंड करून पाहिल्यास अर्थ वर, फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे यायला हवे. बटण नेहमी फेजवर असावे, हेही बघून घ्यावे.

सॉकेटची जागा फ्रीजच्या पाठीमागे घेऊ नये. संकटाच्या वेळी प्लग हाताला लागला पाहिजे, म्हणून ते बाजूच्या भिंतीवर, लहान मुलांच्या हातापेक्षा उंच आणि मोरीच्या शिंतोड्यांपासून दूर असावे. आपल्या भागात जांभ्याची पावसाच्या झोडीतली, म्हणजे बहुधा पश्चिमेची भिंत चार महिने आतून ओलसर राहते. त्या भिंतीत खाच मारून तारा गाडण्यापेक्षा आतल्या कोरड्या भिंतीवरून उघडी पीव्हीसी पट्टी नेलेली मला अधिक पसंत आहे. दिसायला ती तितकी नीट दिसत नाही, पण दहा वर्षांनी तपासताना भिंत फोडावी लागत नाही.

एवढ्या लहान भाराला स्वतंत्र लाईन कशासाठी, असा प्रश्न राहतो. नियमाच्या दृष्टीने पॉवरच्या एका लाईनवर ३००० वॅटपर्यंत आणि दोन पॉइंटपर्यंत जागा असते, तेव्हा मिक्सरचा पॉइंट तिच्यावर घेतला तर तार तक्रार करणार नाही. तरीही मी घेऊ नका म्हणतो. फ्रीज हे घरातील असे एकच यंत्र आहे जे आपण गावाला गेलो तरी चालू असते. मिक्सरच्या बिघाडाने एमसीबी पडला आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर दोन दिवसांनी दही, भाजी आणि मासळी टाकून द्यावी लागते. आणि फ्रीजमध्ये कोणी इन्सुलिन ठेवत असेल, तर नुकसान त्याहून मोठे असते. हाच विचार आरसीसीबीलाही लागू आहे. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असेल, तर पावसात भिजलेल्या बाहेरच्या दिव्यामुळेही फ्रीज बंद पडतो. ऐपत असल्यास फ्रीजच्या लाईनला एमसीबीऐवजी आरसीबीओ द्यावा, ज्यात ही दोन्ही कामे एकाच यंत्रात होतात, आणि ती लाईन सामाईक आरसीसीबीच्या आधी काढून घ्यावी.

हे काम विद्युत निरीक्षणालयाचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडून करून घ्यावे. आपल्या वायरमनला दुखवण्याचे कारण नाही. हे पान त्याला वाचायला द्यावे आणि काम त्याच्याच हातून, पण परवानाधारकाच्या देखरेखीखाली होऊ द्यावे.

प्रश्न : आमच्या घरी खाली यंत्रमाग आणि वर राहते घर आहे. घराला तीन फेजची जोडणी आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी काही दिवे एकदम प्रखर झाले, काही मिणमिणले, आणि दूरचित्रवाणी संच जळाला. फ्रीज त्या वेळी बंद होता म्हणून वाचला. तो आता कोणत्या फेजवर घ्यावा? — एक विणकर, वडगाव, बेळगाव

उत्तर : कोणत्याही फेजवर घेतला तरी हा धोका टळणार नाही, कारण दोष फेजमध्ये नाही, न्यूट्रलमध्ये आहे. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट असतात, परंतु दोन फेजमध्ये ४०० असतात. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची उपकरणे एकापाठोपाठ एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ज्या फेजवर भार कमी, तिच्यावर व्होल्टेज चढते, ज्या फेजवर भार जास्त, तिच्यावर उतरते. काही दिवे प्रखर आणि काही मंद, हे त्याचे नेमके लक्षण आहे. ते पुन्हा दिसले, तर शोधाशोध न करता आधी मेन स्विच पाडावा.

न्यूट्रलचे सर्व जोड, मेन स्विचपासून बसबारपर्यंत (जेथून तारा वाटल्या जातात त्या धातूच्या पट्टीपर्यंत), उघडून स्वच्छ करून आवळून घ्यावेत. जुन्या बोर्डात न्यूट्रलवरही फ्यूज बसवलेला आढळतो. तो काढून तेथे सरळ पट्टी टाकावी. दोष मीटरच्या पलीकडे किंवा खांबावर असेल, तर त्याला आपण हात लावायचा नाही; १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवावा. फ्रीजच्या लाईनवर व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर चढताच वीज तोडणारे आणि ती सुरळीत झाल्यावर काही मिनिटांनी पुन्हा जोडणारे उपकरण बसवावे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो : मागाचे मीटर वेगळे असेल, तर घरचा फ्रीज त्यावरून घेऊ नये. दर वेगळे असल्याने ते नियमबाह्य ठरते, आणि मागाच्या मोटरच्या झटक्यांनी फ्रीजचेही भले होत नाही.

प्रश्न : संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरते आणि फ्रीजमधून टक्‌-टक्‌ असा आवाज येतो, पण तो सुरू होत नाही. दुकानदार म्हणतो की नव्या फ्रीजला स्टॅबिलायझर लागत नाही. — एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : तो आवाज कॉम्प्रेसरवरच्या संरक्षक ओव्हरलोडचा आहे. व्होल्टेज कमी पडल्याने मोटर अडून राहते, प्रवाह वाढतो, ओव्हरलोड तापून वीज तोडतो, थंड होऊन पुन्हा जोडतो. असे रोज तासभर चालले, तर कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. तेवढा वेळ बटण बंद ठेवलेले बरे.

स्टॅबिलायझर घेण्याआधी मल्टीमीटरने दोन ठिकाणी मोजमाप करून घ्यावे : फ्रीज सुरू होण्याच्या क्षणी मेन बोर्डावर आणि त्याच क्षणी फ्रीजच्या सॉकेटमध्ये. मेन बोर्डावर २१० आणि सॉकेटवर १९० असतील, तर वीस व्होल्ट आपल्याच घरातील बारीक तारेत किंवा सैल जोडात हरवत आहेत. तेथे स्टॅबिलायझर लावल्यास दोष झाकला जाईल आणि तार अधिकच तापेल, कारण स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवण्यासाठी तारेतून जास्त प्रवाह ओढतो. मेन बोर्डावरच १८० असतील, तर दोष बाहेरचा आहे. पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंतचा चढउतार नियमात धरलेला आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. त्याखालच्या आकड्यांची तारीख-वेळेसह नोंद ठेवून लेखी तक्रार करावी. ऊस आणि पंप असलेल्या पट्ट्यात एकाच ट्रान्सफॉर्मरवर भार वाढत गेला की असे होते, आणि दहा घरांनी मिळून केलेल्या अर्जाचा उपयोग एकट्याच्या अर्जापेक्षा अधिक होतो.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. आपल्या फ्रीजच्या मागील किंवा आतील लेबलावर तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हे छापलेले असेल. संध्याकाळचा आकडा त्या मर्यादेत बसत असेल, तर स्टॅबिलायझर नको. बसत नसेल, तर हवा, आणि तो वीज आल्यावर तीन मिनिटे थांबून मग फ्रीज सुरू करणारा असावा. वीज जाऊन लगेच आली, तर कॉम्प्रेसरमधील गॅसचा दाब उतरलेला नसतो आणि त्या दाबाविरुद्ध मोटरला फिरता येत नाही. तीन मिनिटांत तो समतोल होतो. हीच सवय हातानेही ठेवता येते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मात्र स्टॅबिलायझर असो वा नसो, प्लग काढून ठेवावा.

प्रश्न : मी शहापुरात भाड्याच्या खोलीत राहतो. मालक नवी लाईन ओढू देत नाहीत. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर चालेल का? — एक नोकरदार वाचक

उत्तर : बाजारातील हलक्या बोर्डावर नको. त्याची तार पाऊण चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक असते, आणि पुष्कळांच्या आत अर्थची तारच नसते. आधी फ्रीजची जागा बदलून पाहावी. खोलीत गीझर किंवा इस्त्रीसाठी एखादे १६ अँपिअरचे सॉकेट असते, त्याच्या शेजारी फ्रीज ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे, मग तो बाहेरच्या खोलीत दिसला तरी चालेल. ते शक्य नसल्यास दीड चौरस मिलिमीटरच्या तीन तारांची, दोन मीटरहून लांब नसलेली केबल आणि १६ अँपिअरचे एकच सॉकेट असलेला बोर्ड वायरमनकडून बनवून घ्यावा, तो भिंतीला खिळवावा, आणि त्यावर दुसरे काहीही लावू नये. मात्र भिंतीतील मूळ सॉकेटला अर्थ आहे का, हे त्याआधी तपासावे. तो नसेल, तर मालकांना खानापूरच्या भगिनींना दिलेले वरील उत्तर दाखवावे. अर्थिंगचा खर्च त्यांच्या घराचा आहे, आपल्या फ्रीजचा नाही.